चवथीच्या घराला घरचाच सुगंध

श्रावण सरत आला की बेळगाव, खानापूर, धारवाड, हुबळीकडच्या कितीतरी घरांत गोव्याला जाण्याची तयारी सुरू होते. कोणी चोर्ला घाट उतरून साखळीमार्गे डिचोलीला जातात, तर कोणी आंबोली-सावंतवाडीवरून पेडणे गाठतात. चवथीला मूळघरी जायचे, माटोळी बांधायची, पातोळ्या करायच्या हा नेम सहसा चुकत नाही. मात्र जून महिन्यापासून बंद असलेल्या घराचे कुलूप काढले की माणसांआधी स्वागताला येतो तो कुबट वास. गाद्या, गोधड्या, कपाटातली लुगडी, देवघरातल्या पोथ्या, सगळ्यांना ओल लागलेली असते. मग घाईघाईने बाजारातून आणलेला सुगंधी फवाऱ्याचा डबा घरभर मारला जातो. तासाभराने पाहावे, तर कुबट वास आहे तिथेच आहे आणि त्यावर कृत्रिम मोगऱ्याचा आणखी एक थर चढला आहे!

अलीकडे या डब्यांऐवजी वनस्पतींच्या सुगंधी तेलांचा फवारा घरी करण्याकडे गृहिणींचा कल वाढतो आहे. ही गोष्ट चांगलीच आहे. फवारा स्वस्त पडतो, आपल्या आवडीचा वास निवडता येतो आणि बाटलीत काय घातले आहे ते आपल्याला ठाऊक असते. पण "नैसर्गिक आहे ना, मग काय बिघडते?" हा आपला समज मात्र तपासून पाहायला हवा. बाटलीत तेल कोणते घातले याइतकेच पाणी कुठले घातले, थेंब किती घातले आणि फवारताना खोलीत कोण होते, या तीन गोष्टींना महत्त्व आहे. हा सगळा विषय आज सविस्तर पाहू.

वासाआधी ओल शोधा

गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे तीन हजार मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एकशे वीस इंच पाऊस पडतो. त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतला. पेडणे-डिचोलीकडची जुनी घरे चिऱ्यांची. चिरा हा दगड सच्छिद्र असल्याने पाणी पितो. पूर्वी त्यावर चुन्याचा गिलावा असे. तो भिंतीतली ओल हळूहळू बाहेर सोडी आणि चुन्यावर बुरशीही सहजासहजी धरत नसे. पुढे अनेक घरांना सिमेंटचा गिलावा आणि वर चकचकीत रंग लागला. त्यामुळे भिंतीत मुरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट कमी राहिली आणि ते आतच कुजू लागले.

कुबट वास येतो तो बुरशीमुळे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी या विषयावर मार्गदर्शक पुस्तिका प्रसिद्ध केली. ओलसर घरात राहणाऱ्यांना खोकला, छातीत घरघर आणि दमा यांचा त्रास होण्याचा धोका वाढतो, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणून कुबट वास हा घराने दिलेला इशारा समजावा. फवारा मारून तो झाकता येतो, पण बुरशी तशीच राहते.

तेव्हा घर उघडल्यावर फवाऱ्याची बाटली आधी बाजूला ठेवावी आणि ही कामे करावीत:

छपराचे एखादे मंगळुरी कौल सरकले आहे का, पन्हळ तुंबली आहे का, न्हाणीच्या भिंतीला ओल आली आहे का, हे पाहून घ्यावे. समोरासमोरची दारे-खिडक्या उघडून वारा आरपार खेळू द्यावा. पंखे चालू ठेवावेत. गाद्या, उशा, गोधड्या यांना ऊन मिळेल तेवढे द्यावे आणि कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढावीत. फरशी, दरवाजे, लाकडी फळ्या यांवरची बुरशी साबणाच्या पाण्याने घासून पुसून कोरडी करावी. हे करताना नाकातोंडावर फडके बांधावे आणि दम्याच्या माणसाला हे काम देऊ नये. ब्लीचिंगचे पाणी वापरणार असाल, तर त्यात व्हिनेगर किंवा संडास धुण्याचे आम्ल चुकूनही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

घरातला दमटपणा साठ टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशीला वाढायला अवघड जाते. भर पावसात गोव्यात हे नेहमी साधणार नाही, हे खरे. पण आरपार वारा आणि कोरडे केलेले कोपरे यांनी अर्धा वास जातो, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी सुगंधाला खरा अर्थ येतो.

परसातलेच सुगंध, दोन भाषांत

दुकानात गेले की लॅव्हेंडर, रोझमेरी अशी परदेशी नावे पुढे येतात. ती वाईट आहेत असे नाही. पण आपल्या परसात आणि कुळागरात जे सुगंध आहेत ते या हवेशी आणि आपल्या आठवणींशी जास्त जुळतात. ज्यांच्या घरी सासूबाई मराठी आणि सूनबाई कन्नड (किंवा उलट) बोलतात, त्यांच्यासाठी दोन्ही नावे देत आहोत. म्हणजे दुकानदार मराठी असो वा कन्नड 'ग्रंथिगे अंगडी'वाला, अडचण येणार नाही.

वाळा, कन्नडमध्ये लावंच. मातीचा, थंड आणि गंभीर वास. याचे तेल दाट असते आणि सावकाश उडते. त्यामुळे इतर हलक्या वासांना ते धरून ठेवते. माठात टाकायची वाळ्याची जुडी आपल्या ओळखीची आहेच. वाळ्याचे ओले पडदे मात्र कोरड्या उन्हाळ्याच्या प्रदेशात उपयोगी. दमट पेडण्यात त्यांनी घर थंड होण्याऐवजी ओलच वाढेल.

गवती चहा, कन्नडमध्ये मज्जिगे हुल्लू. लिंबासारखा ताजा वास. परसदारी एक ठोंब असला तरी वर्षभर पुरतो. फवाऱ्यासाठी हे तेल सर्वांत सोयीचे आणि परवडणारे.

लवंग दोन्ही भाषांत लवंगच, दालचिनी म्हणजे चक्के आणि जायफळ म्हणजे जायिकायी. डिचोली, सत्तरी, फोंड्याच्या कुळागरांत सुपारीच्या सावलीत ही झाडे वाढतात. यांची तेले फार तीव्र असल्याने दोन-तीन थेंबांवर जाऊ नये. दालचिनीचे तेल तर कातडीला चांगलेच झोंबते.

संत्रे म्हणजे कित्तळे आणि लिंबू म्हणजे निंबे. यांच्या सालीचे तेल मन प्रसन्न करते, पण लवकर उडून जाते. सोबत वाळा असला तर टिकते.

चंदन, म्हणजे कर्नाटकाचे श्रीगंध. पहिल्या महायुद्धामुळे युरोपला चंदनाचे लाकूड पाठवणे अडले, तेव्हा म्हैसूर संस्थानाने १९१६ साली स्वतःच तेल काढायला सुरुवात केली. त्यातूनच १९१८ मध्ये प्रसिद्ध म्हैसूर सँडल साबण आला. खरे चंदन तेल अतिशय महाग असते. ते फवाऱ्यात ओतणे म्हणजे केशराने भिंत रंगवण्यासारखे. बैठकीसाठी वाळा पुरेसा आहे.

मोगरा, अर्थात मल्लिगे. डिचोली तालुक्यातील शिरगावच्या लईराई देवीला मोगरा प्रिय. वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेला मोगऱ्याच्या कळ्यांनी सारा परिसर दरवळतो आणि गोव्याबरोबर महाराष्ट्र-कर्नाटकातूनही भाविक येतात. पण मोगऱ्याचे खरे सत्त्व वाफेने नीट निघत नाही. ते वेगळ्या पद्धतीने, टनभर फुलांतून किलो-दोन किलो एवढेच मिळते. म्हणून स्वस्तातली 'मोगरा ऑइल' नावाची बाटली ही प्रयोगशाळेतली नक्कल समजावी. मोगऱ्याचा आनंद घ्यायचा तर वाटीभर पाण्यात कळ्या ठेवाव्यात. त्यासारखा फवारा नाही.

खरे तेल ओळखण्याची एक साधी खूण आहे. कोऱ्या कागदावर एक थेंब टाकून दिवसभर ठेवावा. लिंबू, संत्रे, गवती चहा यांचे शुद्ध तेल बहुतेक उडून जाते. तेलकट डाग तसाच राहिला, तर त्यात साधे तेल मिसळलेले असण्याची शक्यता असते. वाळा आणि चंदन मात्र मुळातच सावकाश उडतात, त्यांना ही कसोटी लावू नये. बाटलीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव छापलेले आहे का, हेही पाहावे. नुसते 'फ्रॅग्रन्स' लिहिले असेल तर ते वनस्पतीचे तेल नव्हे.

काजूच्या भट्टीचा धडा

हे तेल निघते कसे, हे गोवेकराला समजावून सांगायला फार वेळ लागत नाही, कारण काजूची भट्टी त्याने पाहिलेली असते. मार्च-एप्रिल-मेमध्ये पेडणे, डिचोली, सत्तरीच्या डोंगरांवर बोंडू गोळा होतात. त्यांचा रस आंबवून भाणात तापवतात, वाफ नळीतून थंड भांड्यात नेतात आणि तिचे पुन्हा पाणी होते. पहिल्या धारेचा सौम्य हुर्राक, तो पुन्हा गाळून फेणी. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

सुगंधी तेल काढण्याचे तत्त्व हेच. गवती चहाच्या पात्यांतून वाफ नेली की ती आपल्याबरोबर तेलाचे सूक्ष्म कण घेऊन येते. थंड झाल्यावर तेल वर तरंगते, खाली सुगंधी पाणी राहते. पण प्रमाण पाहा: किलोभर ओल्या पात्यांतून कारखान्यातसुद्धा जेमतेम तीन ते पाच मिलिलिटर तेल मिळते. म्हणजे एक लहान चमचाभर! इतक्या पात्यांचे सार त्या चमच्यात साठलेले असते. म्हणूनच ही तेले थेंबांनी मोजायची असतात.

घरी तेल निघणार नाही, पण सुगंधी पाणी मात्र काढता येते. जाड बुडाच्या पातेल्यात मधोमध एक छोटे स्टँड ठेवून त्यावर स्वच्छ रिकामी वाटी ठेवावी. भोवती चिरलेला गवती चहा आणि बुडापुरते पाणी घालावे. वर झाकण उलटे ठेवून त्यावर बर्फाचे खडे ठेवावेत. मंद आचेवर अर्धा-पाऊण तास ठेवले की वाफ झाकणाला लागून वाटीत ठिबकते. हेच सुगंधी पाणी. मात्र कुकरला नळी जोडून हा प्रयोग कोणी करू नये. नळी तुंबली तर स्फोटाची भीती असते. हे पाणी फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावे. त्याला टिकवणारे काहीही त्यात नसते.

पाण्याची गोष्ट जिवावर बेतली तेव्हा

हा टिकण्याचा मुद्दा क्षुल्लक वाटेल. पण २०२१ साली अमेरिकेत घडलेली घटना पाहिली की त्याचे गांभीर्य कळते.

त्या वर्षी जॉर्जिया, कॅन्सस, मिनेसोटा आणि टेक्सास या चार राज्यांत चार जणांना मेलिऑइडोसिस नावाचा दुर्मिळ आजार झाला. हा जंतू उष्ण प्रदेशातल्या माती-पाण्यात राहणारा, आणि या चौघांपैकी कोणीही परदेशी गेलेले नव्हते. दोघे दगावले, त्यात एक लहान मूल होते. शोध घेता घेता तेथील सरकारी तज्ज्ञांना तो जंतू एका खोली-फवाऱ्याच्या बाटलीत सापडला. लॅव्हेंडर आणि कॅमोमाइलच्या सुगंधाचा, सुगंधी तेलाचा म्हणून विकला जाणारा तो फवारा भारतात तयार झालेला होता आणि वॉलमार्टच्या दुकानांतून विकला जात होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुमारे ३,९०० बाटल्या परत मागवण्यात आल्या.

ही हकिकत आपल्या किनारपट्टीला परकी नाही. मेलिऑइडोसिसचे रुग्ण कर्नाटकाच्या किनारी जिल्ह्यांत, उडुपी-मंगळूर भागात आढळतात, विशेषतः पावसाळ्यात आणि मधुमेह असलेल्या लोकांत. फवारा म्हणजे पाण्याचे बारीक तुषार आणि ते थेट श्वासातून फुप्फुसात जातात. विहिरीचे पाणी हाताला लागले तर आपण धुतो. पण तेच पाणी तुषार होऊन श्वासात गेले तर धुणार कसे?

घाबरून जाण्याचे कारण नाही. नियम सोपे आहेत. विहिरीचे, टाकीचे, पन्हळीचे पाणी फवाऱ्यात कधीही वापरू नये. पाणी खळखळून पाच मिनिटे उकळून झाकून थंड करावे, किंवा औषधांच्या दुकानातून डिस्टिल्ड पाणी आणावे. बाटली व तिची फवारणी गरम पाण्याने धुऊन पूर्ण सुकवावी. सुगंधी तेलातच जंतुनाशक गुण असतो, मग पाणी कसे खराब होईल, असे काही जण म्हणतात. पण तेल पाण्यात विरघळत नाही, ते वर तरंगते. खालच्या पाण्यात जंतू निवांत वाढू शकतात. म्हणून बाटलीत पुरेसे अल्कोहोल हवे.

फवारा कसा करावा

साहित्य: शंभर मिलिलिटरची गडद काचेची फवाऱ्याची बाटली, पन्नास मिलिलिटर सत्तर टक्के अल्कोहोल, पन्नास मिलिलिटर उकळून थंड केलेले पाणी आणि सुगंधी तेलांचे एकूण वीस थेंब.

अल्कोहोल म्हणजे औषधांच्या दुकानात मिळणारे लेबल असलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल. करोनाच्या काळापासून अनेक घरांत असलेला पाण्यासारखा पातळ सॅनिटायझरही चालेल, पण जेल नको. सुट्टे, बिनलेबलाचे स्पिरिट घेऊ नये. "मग फेणी चालेल का?" हा प्रश्न गोव्यात हमखास येतो! फेणीत चाळीस-पंचेचाळीस टक्के अल्कोहोल असते खरे, पण तिचा स्वतःचा वास इतका दांडगा की वाळा-लवंग तिच्यापुढे हरतात. शिवाय निम्मे पाणी घातले की तिचा जोर उरत नाही. पाहुणे दारातच काय ते समजतील. फेणीला तिच्या जागी राहू द्यावे.

कृती: कोरड्या बाटलीत आधी अल्कोहोल घालावे. त्यात तेलाचे थेंब टाकून बाटली चांगली हलवावी. मग पाणी घालून पुन्हा हलवावी. मिश्रण दुधाळ दिसेल, ते तसेच असते. ठेवल्यावर तेल पुन्हा वर येते, म्हणून दर वेळी हलवूनच फवारावे. बाटलीवर कागद चिकटवून आत काय आहे आणि तारीख काय, हे लिहावे. शक्य असल्यास मराठी-कन्नड दोन्हींत लिहावे, म्हणजे घरातल्या कोणाचीही चूक होणार नाही. महिन्याभरात संपवावे. एक दिवस मुरू दिले तर वास अधिक गोल होतो.

वीस थेंबांची वाटणी अशी करून पाहावी:

*पावसाळी घरासाठी:* गवती चहा बारा, वाळा सहा, लवंग दोन.

*बैठकीसाठी:* संत्रे दहा, वाळा आठ, जायफळ दोन.

*न्हाणी-मोरीसाठी:* गवती चहा पंधरा, लिंबू पाच.

अल्कोहोल वापरायचे नसेल, तर पन्नास मिलिलिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात दहा थेंब टाकावेत, जोराने हलवून त्याच दिवशी वापरावे आणि उरलेले ओतून द्यावे. उद्यासाठी ठेवू नये.

फवारताना बाटली वरच्या दिशेने, हात लांब ठेवून धरावी आणि दोन-तीनदाच दाबावी. खिडकी उघडी असावी, कारण लिंबू-संत्र्यासारख्या तेलांतले घटक हवेतल्या ओझोनशी मिळून थोड्या प्रमाणात फॉर्मल्डिहाइडसारखे झोंबणारे पदार्थ तयार करतात. बंद खोलीत हे साचते. पॉलिश केलेले लाकूड, चांदीची उपकरणी, देवाच्या तसबिरी यांवर थेट मारू नये, डाग पडतात. फरशीवर पडलेले तेल लगेच पुसावे, घरातली वयस्कर मंडळी घसरतील.

आणि सर्वांत महत्त्वाचे, ज्योतीजवळ फवारा नको. यात अल्कोहोल आहे, ते पेट घेते. चवथीच्या दिवसांत घरात समई, निरांजन, कापूर, गॅसची शेगडी सगळे पेटलेले असते. माटोळीखाली गणपतीसमोर फवारा मारण्याचा मोह होईल, पण तो टाळावा. पूजेच्या आधी, दिवे लावण्यापूर्वी फवारून खिडक्या उघड्या ठेवाव्यात. बाजारच्या डब्यांनाही हाच नियम लागू आहे. त्यांतला दाबाचा वायू बहुधा ज्वालाग्राहीच असतो.

कोणासमोर फवारू नये

घरात तान्हे बाळ असेल तर त्याच्या खोलीत कोणताही फवारा नको. निलगिरी, पुदिना आणि कापूर यांचा उग्र वास तीन वर्षांखालील मुलांच्या नाकाशी गेला तर श्वास अडखळू शकतो. सर्दी झाली म्हणून बाळाच्या उशीवर निलगिरीचे थेंब टाकण्याची पद्धत अनेक घरांत आहे, ती सोडून द्यावी. कापूर आणि निलगिरीचे तेल थोडेसे जरी पोटात गेले तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. अशा वेळी उलटी करवत बसू नये. बाटली सोबत घेऊन सरळ डॉक्टरांकडे जावे. तेलाच्या बाटल्या उंचावर आणि कुलपात ठेवाव्यात.

दम्याचा त्रास असलेल्यांना कोणता वास सोसतो हे त्यांनाच विचारावे. "काही नाही होत, नैसर्गिक आहे," असे सुनेने सासऱ्यांना किंवा सासूने सुनेला सांगून भागत नाही. छाती भरून आली तर फवारा बंद, खिडकी उघडी. गरोदर स्त्रियांनीही उग्र वास टाळावेत. अगरबत्ती आणि धूपाच्या धुरालाही हेच लागू आहे. धुरातले बारीक कण बंद खोलीत साठतात आणि दम्याला ते फवाऱ्याइतकेच, कधी जास्त बाधतात.

घरात मांजर असेल तर आणखी सांभाळावे. मांजराच्या यकृताला या तेलांतले काही घटक पचवता येत नाहीत. अंगावर पडलेले तुषार ते चाटते आणि ते विष ठरू शकते. टी ट्री ऑइल तर मांजराजवळ नकोच.

डासांसाठी गवती चहा किंवा सिट्रोनेलाचा फवारा उपयोगी पडतो का? थोडा वेळ डास दूर राहतात, पण तेल उडाले की परिणाम संपतो. डेंग्यू-मलेरियापासून बचावासाठी मच्छरदाणी, जाळ्या आणि साचलेले पाणी काढून टाकणे यांना पर्याय नाही.

बाटलीशिवायचा सुगंध

ज्या घरात तान्हे बाळ किंवा दमेकरी आहे, त्यांनी नाराज होऊ नये. सौम्य सुगंधाच्या जुन्या युक्त्या आपल्याकडे भरपूर आहेत.

ओवळीची, म्हणजे बकुळीची फुले (कन्नडमध्ये रंजल) सुकली तरी त्यांचा वास जात नाही. त्यांचे वळेसर साड्यांच्या घडीत ठेवण्याची रीत होतीच. तशीच सुरंगी, कन्नडमधली सुरगी. फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास पेडण्यात आणि शेजारच्या वेंगुर्ले-सावंतवाडी भागात ती फुलते. तिच्या सुकवलेल्या कळ्यांनाही सुगंध असतो. त्या उन्हाळ्यात सुकवून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवल्या तर चवथीला कपाटासाठी तयार राहतात. वाळ्याच्या मुळ्यांची सुती पुरचुंडी करून ट्रंकेत टाकावी. लवंग-दालचिनीचे चार तुकडे आणि संत्र्याची साल पातेलीभर पाण्यात मंद उकळत ठेवली की स्वयंपाकघरातला मासळीचा वास हलका होतो. बशीत खाण्याचा सोडा किंवा टोपलीत लोणारी कोळसा ठेवला तर तो वास झाकत नाही, शोषून घेतो.

या निमित्ताने आणखी एक सवय बदलायला हवी, ती म्हणजे डांबरगोळ्यांची. ट्रंकेत वर्षानुवर्षे डांबरगोळ्या टाकून ठेवलेले जुने अंगडे-टोपडे, दुपटी चवथीला नव्या बाळासाठी बाहेर काढली जातात. डांबरगोळ्यांतल्या नॅप्थॅलीनमुळे जी-सिक्स-पीडी या घटकाची जन्मजात उणीव असलेल्या बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. ही उणीव वरून दिसत नाही. म्हणून बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या नकोतच. जुने कपडे काढले असतील तर ते धुऊन, दिवसभर उन्हा-वाऱ्यात वाळवून, वास पूर्ण गेल्यावरच बाळाला घालावेत. त्या ट्रंकेत पुढच्या वर्षासाठी वाळ्याची पुरचुंडी ठेवली, की काम झाले.

निघण्यापूर्वी

यंदा गावी जाताना सामानात एवढे असू द्यावे: बेळगावहून नेलेली वाळ्याची जुडी, गवती चहाच्या तेलाची एक लहान बाटली, गडद काचेचा रिकामा फवारा आणि स्पिरिटची लेबल असलेली बाटली. पाणी तिथेच उकळावे. पहिला दिवस दारे-खिडक्यांचा, केरसुणीचा आणि उन्हाचा. फवारा दुसऱ्या दिवशी. वर्षभर बंद राहणाऱ्या घराची किल्ली शेजाऱ्यांकडे देऊन, पंधरवड्याला एकदा खिडक्या उघडण्याची विनंती केली तर पुढच्या चवथीला काम निम्म्यावर येते.

असे घर मोकळे झाले की सुगंधाला फारसे कष्ट पडत नाहीत. हळदीच्या पानांत वाफवलेल्या पातोळ्या, माटोळीला टांगलेली रानफळे आणि नुकतीच सारवलेली तुळशीपुढची जागा एवढ्याने ते दरवळते. फवाऱ्याचे दोन तुषार मग त्यात भर घालण्यापुरतेच लागतात.